पडद्यावरचे गणित आणि घरातला हिशेब

राज्यकर्त्यांना एखादी जबाबदारी टाळावयाची असते तेव्हा ते ती उघडपणे नाकारीत नाहीत. तिला एखादे आधुनिक नाव देतात. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतील गणिताच्या शिक्षणाबाबत गेल्या दहा वर्षांत नेमके हेच घडले आहे. वर्गाला पुरेसे शिक्षक देणे, त्या शिक्षकाचा वेळ शिकविण्यासाठी मोकळा ठेवणे आणि प्रत्येक मुलाच्या हाती लागेल असे साधन पुरविणे ही शासनाची कामे आहेत. 'डिजिटल शिक्षण' या भारदस्त शब्दाच्या आडोशाने त्यांपैकी शिकविण्याचे काम यंत्राकडे आणि साधनाचा खर्च पालकाच्या खिशाकडे सरकविण्यात येत आहे. ज्याच्या घरी फोन, विजेचा भरवसा आणि रिचार्जचे पैसे आहेत त्याचे मूल पुढे जाते. ज्याच्या घरी यांपैकी काहीच नाही त्याच्या मुलावर 'गणितात कच्चे' असा शिक्का बसतो. हा शिक्का बुद्धीचा नव्हे, बापाच्या मजुरीचा आहे, आणि तो तसा आहे हे कार्यकर्त्यांनी गावोगाव उघड करून दाखविले पाहिजे.

२०२० साली काय उघडे पडले

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळांना कुलपे लागली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा महाराष्ट्रात घुमू लागली. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज दुवे यावयाचे, तेथून ते पालकांच्या गटावर जावयाचे आणि मागोमाग 'गृहपाठाचा फोटो पाठवा' असा निरोप यावयाचा. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पीएम ई-विद्या' ही योजना जाहीर करून प्रत्येक इयत्तेस एक दूरचित्रवाणी वाहिनी देऊ केली. कागदोपत्री सारे काही सुरळीत चालले होते.

हे दुवे ज्या घरांत पोहोचावयाचे होते त्या घरांची स्थिती सरकारला ठाऊक नव्हती काय? चांगली ठाऊक होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीचे, म्हणजे २०१७-१८ चे आकडे सरकारच्याच दप्तरात पडून होते. त्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. शहरी भागात हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि ४२ टक्के होते. खेड्यातील शंभरांपैकी पंच्याऐंशी घरांत इंटरनेट नाही हे माहीत असूनही ज्यांनी इंटरनेटवरून शिक्षण 'सुरू' असल्याचे जाहीर केले, त्यांच्या लेखी ती पंच्याऐंशी घरे देशाच्या हिशेबातच नव्हती.

साथीच्या काळात पालकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले. 'असर' या ग्रामीण पाहणीत २०१८ साली शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले. या वाढीचे श्रेय घेण्यास पुढारी पुढे सरसावले. परंतु हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. तो शेतमजुराने, रिक्षावाल्याने आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईने केला, तोही मजुरी बुडालेल्या वर्षात. शिवाय त्याच पाहणीने दाखवून दिले की, घरी फोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी हाती मिळतच नव्हता. साधा गुणाकार करून पाहावा. ६७.६ चे २६.१ टक्के म्हणजे सुमारे १७.६. ते वजा केले की उरतात पन्नास. म्हणजे शिक्षण 'सुरू' असताना खेड्यातील दर दोन मुलांपैकी एकाच्या हाती ते कधीच आले नाही.

या काळात राज्यापाशी स्वतःची काही साधने होती काय? एकेकाळी होती. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही शैक्षणिक चित्रनिर्मितीची सार्वजनिक संस्था उभी राहिली होती. मराठी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम तयार करणारी ही संस्था पैशाअभावी खंगत गेली आणि २०१७ साली ती बंद करण्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांत, प्रत्येक खेड्यातील मुलापर्यंत दूरचित्रवाणीवरून पोहोचण्याची निकड निर्माण झाली तेव्हा, सरकारपाशी ना स्टुडिओ होता ना माणसे. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली, ती सरकारच्या शिक्षण खात्याबाहेरील संस्थेने तयार केलेली होती. मालिका चांगल्या हेतूने केली गेली, याबद्दल वाद नाही. सार्वजनिक संस्था मोडून टाकावयाच्या आणि संकट आले की परक्यांच्या दाराशी उभे राहावयाचे, ही राज्यकारभाराची रीत वादाचा विषय आहे.

'आता तर घरोघरी फोन आहे'

२०२० ची गोष्ट जुनी झाली, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या मते फोन आता सर्वत्र पोहोचला आहे आणि विषमतेची तक्रार शिळी झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'असर २०२४' अहवालाचा ते दाखला देतात. ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, हे त्यात नमूद आहे, हे खरे. पण तोच अहवाल पुढे वाचला पाहिजे. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांचा फोन स्वतःचा आहे; मुलींत हे प्रमाण २६.९ टक्के आहे. फोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात तो अभ्यासाच्या काही कामासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी मात्र ७६ टक्क्यांनी.

'घरी फोन आहे' आणि 'मुलाजवळ अभ्यासाचे साधन आहे' ही दोन विधाने एक नव्हेत. घरातला एकुलता फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो. मग तो आधी थोरल्या मुलाकडे, नंतर धाकट्याकडे आणि उरल्यास मुलीकडे जातो. तोवर तिला भाकरी थापावयाची असतात. तळहाताएवढ्या काचेवर त्रिकोणाची आकृती, तिची सिद्धता आणि शिक्षकाचे बोलणे ही तिन्ही एकदम धरता येत नाहीत. एक पाहावे तर दुसरे सरकून जाते. महिन्याचा रिचार्ज संपला की गणितही थांबते. ज्यांच्या घरी अभ्यासाची खोली, लॅपटॉप आणि वर शिकवणीचा मास्तर आहे, त्यांना हे सांगूनही पटत नाही.

पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचेच पाहावे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग आपल्या वर्गात केला, पुढे राज्याने तो पाठ्यपुस्तकांत आणला आणि २०२० साली डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. एका प्राथमिक शिक्षकाची ही कल्पकता अभिमानास्पदच होय. परंतु शासनाने तिच्यातून जो धडा घ्यावयास हवा होता तो घेतला नाही. परितेवाडीत साधनामागे जागा असलेला, मुलांना नावानिशी ओळखणारा शिक्षक उभा होता. राज्याने कोड तेवढा छापला. शिक्षक छापता येत नाही.

गणित म्हणजे उत्तर नव्हे

डिजिटल साधनांची भलावण करणाऱ्यांचा गणिताविषयीचा समजच मुळात चुकीचा आहे. त्यांना गणित म्हणजे बरोबर उत्तर वाटते. वर्गातील गणित ही मुलाच्या डोक्यात चाललेली घडामोड आहे, आणि ती पकडण्यासाठी त्याच्या चुकीकडे पाहावे लागते.

तिसरीतले एखादे मूल ५२ मधून १७ वजा करते आणि उत्तर ४५ लिहिते. पडद्यावर तांबडी फुली उमटते, 'पुन्हा प्रयत्न करा' अशी पाटी झळकते आणि मूल अंदाजाने दुसरा आकडा दाबते. वर्गातील बाई मात्र विचारतात, "हे कसं केलंस रे?" मूल सांगते, "बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." या एका वाक्यात सारे निदान आले. मुलाला वजाबाकी येते. दशक सुटा करावा लागतो, हे त्याला उमगलेले नाही. बाई दहादहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवतात, एक जुडी सोडावयास लावतात आणि मूल स्वतःच पस्तिसावर येते. याला वीज लागत नाही. याला लागते ती बाईंची पाच मिनिटांची सवड, आणि नेमकी तीच त्यांच्यापासून हिरावून घेतलेली आहे.

ही काल्पनिक अडचण नव्हे. 'असर'च्या चाचणीत हीच, हातच्याची दोन अंकी वजाबाकी विचारतात. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी ती येणारी मुले २०१८ साली २८.२ टक्के होती. शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ती २५.९ टक्क्यांवर घसरली आणि शाळा उघडून दोन वर्षे झाल्यावर, २०२४ साली, ३३.७ टक्क्यांवर आली. पाचवीतील भागाकाराचे आकडे याच क्रमाने २७.९, २५.६ आणि ३०.७ टक्के आहेत. पडद्याच्या काळात घसरण झाली, वर्ग भरू लागल्यावर सुधारणा झाली, हे या आकड्यांवरून दिसतेच. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, सुधारणा होऊनही तिसरीतील तीन मुलांपैकी दोघांना वजाबाकी येत नाही.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. मराठीत शंभरापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन सुचविण्यात आले, तेव्हा विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत गदारोळ उठला. सूचना योग्य की अयोग्य याबद्दल मतभेद असू शकतात. परंतु 'त्र्याण्णव' या शब्दासाठी तावातावाने भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढच्याच वर्षी गोंडी, भिली वा कोरकू बोलणाऱ्या मुलाला गणिताचा धडा कोणत्या भाषेत आणि कोणत्या फोनवर मिळतो आहे याची चौकशी केली? इंग्रजीत घडवून मागाहून मराठीत उतरविलेला पाठ मराठी मुलाचीच अडचण ओळखीत नाही. मेळघाटातल्या मुलाची तो कोठून ओळखणार?

प्रयोगांचा निर्वाळा

यंत्र हे शिक्षकाच्या जोडीला आले तर काय होते आणि त्याच्या जागी आले तर काय होते, याचे उत्तर शेजारच्या गुजरातेत मिळाले आहे. २००० साली गुजरात सरकारने बडोद्यातील १०० नगरपालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. २००२ साली पाहणी झाली तेव्हा त्यांपैकी फारच थोडे मुलांच्या वापरात असल्याचे आढळले. पुढे 'प्रथम' या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे याप्रमाणे, गणिताचे खेळ देण्यास आरंभ केला. दोन वर्षांनी या मुलांच्या गणितात चांगलीच प्रगती दिसली, आणि कार्यक्रम संपून एक वर्ष उलटल्यावर ती बरीचशी विरूनही गेली.

याहून बोलका प्रयोग गुजरातमधीलच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या शाळांत झाला. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी २००८ साली त्याचे निष्कर्ष मांडले. काही शाळांत मुलांना नेहमीच्या तासाऐवजी संगणकावर बसविण्यात आले. काही शाळांत नेहमीचा तास पूर्ण करून वर संगणकाचा वेळ देण्यात आला. पहिल्या प्रकारात मुलांचे गणित संख्याशास्त्राच्या मापाने ०.५७ प्रमाण विचलनाने खालावले. दुसऱ्या प्रकारात ते ०.२८ ने सुधारले. संगणक तोच, धडे तेच. फरक एवढाच की, एके ठिकाणी त्याने शिक्षकाचा तास खाल्ला आणि दुसऱ्या ठिकाणी त्यात भर घातली.

दिल्लीत २०१५ साली 'माइंडस्पार्क' केंद्रांत झालेला प्रयोग डिजिटल शिक्षणाचे पुरस्कर्ते हिरिरीने पुढे करतात. साडेचार महिन्यांत मुलांच्या गणितात लक्षणीय सुधारणा झाली, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण ती मुले शाळेव्यतिरिक्त केंद्रावर येत, संगणक केंद्राचा असे आणि यंत्राबरोबर लहान गटांना शिकविणारा माणूसही असे. आईबापांनी फोन विकत घ्यावा आणि मुलाने एकट्याने कोपऱ्यात बसून शिकावे, या व्यवस्थेचे समर्थन त्या प्रयोगातून निघत नाही. उलट दाखला हवा असेल तर पेरूकडे पाहावे. तेथील सरकारने ग्रामीण शाळांतील मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले आणि २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासात त्या मुलांच्या गणितात वा भाषेत काहीही फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्र वाटणे सोपे आहे. त्यासाठी एक निविदा पुरते.

लाभ कोणाचा?

निविदा म्हटली की पुढचा प्रश्न येतो तो लाभाचा. शाळा बंद असताना पालकांच्या भीतीवर एक बाजार उभा राहिला. हप्त्याने टॅब्लेट आणि हप्त्याने गणित विकणाऱ्या कंपन्यांत परदेशी भांडवल ओतले गेले. त्यांतील अग्रेसर 'बायजूज' या कंपनीचे मूल्य २०२२ साली २२ अब्ज डॉलर ठरविण्यात आले आणि जुलै २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. कंपनीचे पुस्तकी मूल्य हवेत विरले, पण शिकवणीसाठी कर्ज काढलेल्या घराचे हप्ते खरे होते. शिक्षण बाजाराच्या हवाली केल्यावर बाजार कोसळण्याचा धोकाही मुलांच्याच माथी येतो.

दुसरा लाभार्थी खुद्द सरकार होय. २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रा'च्या नावाखाली शाळा 'डिजिटल' झाल्याचे आकडे दरवर्षी झळकू लागले. परंतु प्रक्षेपकासाठी आणि संगणकासाठी पैसा कोठून आला? बहुतेक ठिकाणी लोकवर्गणीतून, आणि ती गोळा करीत गुरुजी दारोदार हिंडले. वर्गणी देणारे गाव सधन असेल तर शाळा डिजिटल, नसेल तर फळाही फुटका. थकलेल्या बिलापोटी वीज तोडली की प्रक्षेपकावर धूळ बसते. केंद्राच्याच 'यूडायस प्लस' माहितीप्रमाणे २०२४-२५ साली देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होते. म्हणजे तीनपैकी सुमारे एका शाळेत संगणक नव्हता आणि जवळजवळ तितक्याच शाळांत इंटरनेट नव्हते. शिक्षकाच्या हाती मात्र फोन सक्तीचा: माहिती भरा, फोटो चढवा, अहवाल पाठवा. मुलांबरोबर 'सेल्फी' काढून ती सरकारला पाठविण्याचे फर्मानही २०१६ साली निघाले होते, आणि विरोध झाल्यावर ते आवरते घ्यावे लागले. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळता शिक्षकास अशैक्षणिक कामास जुंपण्यास मनाई करते. संगणकाच्या पडद्यावर करावयाचे काम हे जणू कामच नव्हे, अशा समजुतीने त्या कलमाची रोज पायमल्ली होत आहे.

याच पार्श्वभूमीवर लहान शाळांवरील संकटाकडे पाहिले पाहिजे. २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा राज्यात असल्याची माहिती सरकारने २०२२ साली गोळा केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तोरणमाळ व पानशेत यांचे दाखले देऊन 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागविले. एकत्र केलेल्या शाळेत संगणक कक्ष असेल, अद्ययावत सोयी असतील, हे आमिष पुढे ठेवले गेले. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी हे कायद्याचे तत्त्व. त्याच्या बदल्यात डोंगरवस्तीतील सहा वर्षांच्या मुलीला बसचे आश्वासन देण्यात येते. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी गणित व विज्ञानाचा किमान एक शिक्षक असलाच पाहिजे असे शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते. असे असताना १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने शिक्षकपदांवरच गदा आणली, म्हणून राज्यभरचे शिक्षक त्या वर्षी रस्त्यावर उतरले. शिक्षक कमी करावयाचा आणि पडदा वाढवावयाचा, या दोन हालचाली वेगवेगळ्या खात्यांच्या भासल्या तरी त्यांचा हिशेब एकाच वहीत मांडलेला आहे.

या हिशेबाची अखेर दहावीच्या निकालात होते. २०२४ साली राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने अशी तरतूद पुढे आली की, गणित वा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण २० वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास अकरावीत जाता यावे, मात्र पुढे त्या विषयांचे शिक्षण घेता येणार नाही असा शेरा त्याच्या प्रमाणपत्रावर असावा. नापासाच्या कलंकातून सुटका होते म्हणून ही तरतूद दयाळू वाटते. परंतु पहिलीपासून ज्यांना गणिताचा शिक्षकच मिळाला नाही त्यांच्या हाती सरकार हा शेरा देणार आणि अभियांत्रिकी, विज्ञान, संगणक ही दालने सन्मानाने बंद करणार. डिजिटल युगाचे ढोल बडविणाऱ्यांनी त्या युगाच्या दरवाज्यावर पहारेकरीही नेमून ठेवला आहे.

यंत्राचा द्वेष नव्हे

समाजवादी मंडळींना आधुनिकतेचे वावडे आहे, असा आरोप यावर ठरलेला असतो. हा आरोप खोटा आहे. त्रिकोणाचे शिरोबिंदू हलवीत हलवीत तीन कोनांची बेरीज १८० अंशच राहते हे पडद्यावर पाहण्यात मुलांना जो आनंद होतो तो मोलाचा आहे. 'जिओजेब्रा'सारखी त्यासाठीची प्रणाली शाळांना मोफत वापरता येते. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर जुळविल्यावर मुलाला जे कळते त्याला या चित्राची जोड मिळाली तर उत्तमच. एक प्रक्षेपक, एक शिक्षक आणि मोजपट्टी घेऊन अंगण मोजणारी चाळीस मुले, असा गणिताचा तास कोणाला नको आहे?

प्रश्न मालकीचा आहे, आणि या बाबतीत देश पूर्वी अधिक शहाणा होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्यात आले. ते आणीबाणीचे दिवस होते आणि त्या राजवटीच्या दूरचित्रवाणीवरील प्रचाराचा जेवढा धिक्कार करावा तेवढा थोडाच. परंतु त्या योजनेत संच गावाचा होता. सकाळी शाळेतील मुलांनी आणि संध्याकाळी साऱ्या गावाने तो एकत्र बसून पाहावयाचा होता. पालकाच्या घरी संच असेल, असे १९७५ च्या सरकारने गृहीत धरले नव्हते. २०२० च्या सरकारने फोन गृहीत धरला. पंचेचाळीस वर्षांत तंत्र पुढे गेले आणि राज्याची जबाबदारीची जाणीव मागे पडली.

केरळचा अनुभव याच दृष्टीने तपासण्यासारखा आहे. तेथे २००१ पासून सरकारी यंत्रणेने शाळांसाठी संगणक शिक्षणाचा कार्यक्रम चालविला आणि मुक्त प्रणाली स्वीकारून कंपन्यांच्या परवान्यांचे जोखड टाळले. १ जून २०२० रोजी सार्वजनिक वाहिनीवरून वर्ग सुरू झाले तेव्हा तेथेही सुमारे अडीच लाख मुलांच्या घरी साधन नव्हते, म्हणजे तेथेही विषमतेने गाठलेच. मात्र ही मुले आधी मोजली गेली, आणि मग ग्रंथालये, स्थानिक संस्था व युवक संघटना यांनी वस्त्यांवर सामुदायिक संच बसविले. मोजणे हे गणिताचे पहिले पाऊल आहे आणि न्यायाचेही.

जुना दावा, नवी लढाई

महाराष्ट्राला ही भाषा परकी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी हेच सांगितले होते की, सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. राजर्षी शाहूंनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तरुणपणी गणिताचे शिक्षक म्हणून अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९११ साली कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही मांडले. गणित चांगले लिहून भागत नाही, ते प्रत्येक मुलापर्यंत नेण्याचा कायदा लागतो, हे त्या मवाळ पुढाऱ्यास कळले होते. आजच्या जहाल डिजिटलवाद्यांना ते कळत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये शाळांनी दुर्बल घटकांतील मुलांना ऑनलाइन शिक्षणाची साधने पुरवावीत असा निर्णय दिला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. कोर्टाच्या पायऱ्यांवर हा प्रश्न सुटेल अशी आशा धरून बसण्यात अर्थ नाही.

मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. जे साधन शाळा देत नाही ते घरी असल्याचे गृहीत धरून कोणताही गृहपाठ, चाचणी वा परीक्षा घेतली जाऊ नये. शाळेतील साधने शाळेच्या मालकीची असावीत आणि वीज, इंटरनेट व दुरुस्ती यांचा खर्च शासनाने उचलावा, लोकवर्गणीने नव्हे. पडद्याचा तास शिक्षकाच्या तासाच्या बदल्यात धरला जाऊ नये. उच्च प्राथमिक शाळांत गणित-विज्ञानाचे पद कायद्याप्रमाणे भरले जावे. गणिताचे दृक्‌श्राव्य साहित्य सार्वजनिक संस्थेने मराठीत आणि आदिवासी भाषांत तयार करावे, ते इंटरनेटविना चालावे, आणि त्यासाठी बालचित्रवाणीसारखी संस्था पुन्हा उभारावी. शिक्षकाच्या मानेवरील माहिती भरण्याचे जू काढावे, म्हणजे "हे कसं केलंस रे?" असे विचारण्यास त्याला सवड मिळेल.

मागण्यांचे निवेदन देऊन कार्यकर्त्याचे काम संपत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. ही समिती बहुतेक गावांत कागदावर आहे. तिला जागी करणे हे पहिले काम. शाळेतील किती संगणक चालू आहेत, विजेचे किती बिल थकले आहे, गणिताच्या किती तासांना शिक्षक हजर होते आणि किती वेळ अहवाल भरण्यात गेला, किती मुलांच्या व किती मुलींच्या हाती फोन येतो, याची नोंद प्रत्येक शाखेने आपल्या गावापुरती करावी. संध्याकाळी वस्तीवर एक दिवा, एक फळा आणि दोन शिकलेले तरुण उभे करता येतील तेथे गणिताची अभ्यासिका चालवावी, पण ती शाळेच्या जागी नव्हे, शाळेच्या जोडीला. आणि येत्या ग्रामसभेत गटशिक्षणाधिकाऱ्यांना बोलावून सर्वांसमक्ष एकच प्रश्न विचारावा: ज्या मुलाच्या घरी फोन नाही त्याचा गणिताचा तास उद्या कोण घेणार? त्याचे उत्तर एखाद्या संकेतस्थळाचे नाव असेल तर ते सभेने फेटाळावे, आणि शिक्षकाचे नाव मिळेपर्यंत सभा उठू नये.